घरच्या घरी मोजा फुंकर : दम्याच्या रुग्णांसाठी पीक फ्लो मीटर

कापसाचा हंगाम सुरू झाला की माझ्या ओपीडीत जिनिंगमध्ये काम करणारे रुग्ण वाढतात. असाच एक चाळिशीतला कामगार मूर्तिजापूरकडून येत असे. दमा होता, पंप नियमित सुरू होता. "आता कसे वाटते?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "मले काही त्रास नाही डॉक्टरसाहेब. एवढी धाप तं राहतेच."

मी त्याला एक छोटे यंत्र आणून घरी व कामावर फुंकर मोजायला सांगितले. दोन आठवड्यांनी त्याने वही आणली. सुटीच्या दिवशी आकडा ४२०. कामाच्या दिवशी संध्याकाळी ३१०. म्हणजे त्याच्या फुंकरीचा जोर पाव हिश्श्याहून जास्त घटत होता आणि त्याला ते जाणवतही नव्हते.

दम्यात हे नेहमी घडते. श्वासनलिका हळूहळू आवळत जातात आणि शरीराला त्याची सवय होते. मग एखाद्या रात्री अचानक अटॅक आला असे वाटते. प्रत्यक्षात आकडा त्याआधीच घसरायला लागलेला असतो. तो वेळेत दिसावा, यासाठी पीक फ्लो मीटर आहे.

हे यंत्र काय मोजते?

पूर्ण श्वास घेऊन तुम्ही जोरात फुंकर मारता, तेव्हा हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडते, हे यंत्र सांगते. आकडा लिटर प्रति मिनिट असा असतो. श्वासनलिका मोकळ्या असतील तर आकडा मोठा, आवळलेल्या असतील तर लहान. मार्टिन राइट आणि मॅकेरो यांनी १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये हे मीटर मांडले. पुढे त्याचे हलके प्लॅस्टिकचे रूप आले. त्याला वीज लागत नाही, सेल लागत नाही. मेडिकलमध्ये ते काही शे रुपयांत मिळते.

ऑक्सिमीटर आणि तीन बॉलचे यंत्र चालणार नाही का?

कोरोनाच्या काळात ही दोन्ही यंत्रे घरोघरी आली, म्हणून हा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तर आहे, नाही. तीन बॉलच्या यंत्रात आपण हवा आत ओढतो. तो फुप्फुसांचा व्यायाम आहे, दम्याची मोजणी नाही. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. दम्यात तो बराच वेळ ९६-९७ राहू शकतो आणि त्रास खूप वाढल्यावरच खाली येतो. त्यामुळे "ऑक्सिजन तर चांगला आहे" म्हणून घरी थांबणे धोक्याचे ठरू शकते.

फुंकर कशी मारायची?

१. काटा शून्यावर आणा. उभे राहा, मान सरळ ठेवा.
२. यंत्र आडवे धरा. बोटे काट्याच्या वाटेत येऊ देऊ नका.
३. तोंडाने पूर्ण श्वास भरून घ्या.
४. नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. जीभ नळीच्या तोंडाशी नको.
५. एकदम, जोरात, झटक्याने फुंका.
६. आकडा पाहा, काटा शून्यावर आणा आणि आणखी दोनदा फुंका. तिन्हींपैकी सर्वात मोठा आकडा वहीत लिहा. सरासरी काढू नका.

चूल पेटवताना आपण फुंकणीतून लांब फुंकर मारतो, तशी ही फुंकर नाही. ती दिवा विझवल्यासारखी छोटी आणि जोरदार हवी. नीट फुंकले तर सर्वात मोठ्या दोन आकड्यांत ४० पेक्षा जास्त फरक पडत नाही. खोकला आला किंवा ओठांच्या फटीतून हवा गेली तर ती फुंकर धरू नका.

रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, शक्यतो ठरलेल्या वेळी आणि पंप घेण्याआधी मोजा. यंत्र तेच वापरा, कारण दोन यंत्रांच्या आकड्यांत फरक पडू शकतो. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

तुमचा आकडा कोणता?

शेजाऱ्याचा आकडा ५५० आणि आपला ३८०, म्हणून घाबरू नका. वय, उंची, पुरुष की स्त्री, यावर आकडा ठरतो. तुलना स्वतःशीच करायची. औषधोपचार नीट सुरू असताना आणि तब्येत चांगली असताना दोन-तीन आठवडे रोज मोजा. त्यातला सर्वात मोठा आकडा म्हणजे तुमचा सर्वोत्तम आकडा. तो वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. त्यावरून तीन पट्टे ठरतात. वरच्या कामगाराचा सर्वोत्तम आकडा ४२० धरला तर हिशेब असा :

• हिरवा, ८० टक्क्यांच्या वर (३३६ किंवा जास्त) : सगळे ठीक. रोजचे औषध चालू ठेवा. बरे वाटते म्हणून पंप बंद करू नका.
• पिवळा, ५० ते ८० टक्के (२१० ते ३३५) : श्वासनलिका आवळत आहेत. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवा आणि त्याच दिवशी फोन करा.
• लाल, ५० टक्क्यांच्या खाली (२१० पेक्षा कमी) : तातडीचा पंप घ्या आणि लगेच दवाखान्यात निघा.

पिवळ्या पट्ट्यात नेमके काय वाढवायचे, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या सर्वांना दाखवून ठेवा.

गावात राहणाऱ्यांसाठी पिवळा पट्टा सर्वात महत्त्वाचा आहे. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा आतल्या खेड्यात रात्री एसटी नसते, गाडी मिळायला वेळ लागतो. दम्याचा त्रास बहुधा रात्री आणि पहाटे वाढतो. त्यामुळे संध्याकाळी आकडा पिवळ्यात असेल आणि औषध घेऊनही वर येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. उजेड आहे तोवर निघा.

वहीतून काय कळते?

पहिली गोष्ट, दमा आटोक्यात आहे का? सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३६० असेल तर फरक ६०, म्हणजे सरासरीच्या १८ टक्के. मोठ्या माणसांत हा फरक रोजच १० टक्क्यांच्या वर राहत असेल तर उपचार अपुरे आहेत, किंवा पंप चुकीच्या पद्धतीने घेतला जात आहे.

दुसरी गोष्ट, त्रास कशाने होतो? आकड्याशेजारी त्या दिवसाचे काम एका शब्दात लिहा. सोयाबीन काढणी, तुरीचे कुटार, पऱ्हाटी जाळली, डाळ मिलची पाळी, जुना कूलर काढला, फटाके. महिनाभरात कारण आपोआप समोर येते.

जिनिंगमध्ये रुईची धूळ सतत उडते. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती जड होत असेल तर तो कापसाच्या धुळीचा आजार असू शकतो. त्याला बिसिनोसिस म्हणतात. कामामुळे त्रास होतो का, हे तपासायचे असेल तर कामाच्या आणि सुटीच्या, अशा दोन्ही दिवशी दिवसातून किमान चार वेळा, दोन ते चार आठवडे मोजावे लागते. आमच्या रुग्णाने ही वहीच मालकाला दाखवली. त्याला रुईजवळचे काम सोडून वजनकाट्यावरचे काम मिळाले. महिन्याभरात त्याचे कामाच्या दिवसाचे आकडेही चारशेच्या आसपास आले. "आता जिना चढलो तं समजलं, पहिले किती दम लागत होता," असे तो म्हणाला.

यंत्राच्या मर्यादा

पीक फ्लो मीटर दम्यासाठी चांगले. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्यांना किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या महिलांना सीओपीडी असू शकतो. तिथे हा आकडा पुरेसा नाही, स्पायरोमेट्री करून घ्यावी लागते. दमा आहे की नाही, हेही एका फुंकरीवर ठरत नाही. पाच-सहा वर्षांपेक्षा लहान मुलांना नीट फुंकता येत नाही. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकू नका.

यंत्र बाजूला ठेवून लगेच निघा, जर...

• एक वाक्यही सलग बोलता येत नसेल
• ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील
• रुग्ण सुस्त किंवा गोंधळलेला वाटत असेल
• छातीतली घरघर थांबली, पण धाप वाढत असेल
• तातडीचा पंप घेऊनही आराम नसेल

अशा वेळी १०८ ला फोन करा. मोठ्या माणसाला साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर गाडी येईपर्यंत स्पेसरमधून ४ ते १० पफ, एकेक करून द्या. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी पुन्हा देता येतात. पण पफ देत घरी बसून राहू नका.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना पंप, यंत्र आणि वही, तिन्ही सोबत आणा. डॉक्टरांसमोर एकदा पंप घेऊन दाखवा आणि एकदा फुंकून दाखवा. दोन्हींत चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त करता येते.