स्वतःचे घर आणि स्वास्थ्य

मालकीचे घर झाले की मनुष्य सुखी होतो, ही समजूत समाजात दृढ आहे. चिकित्सालयात मात्र आम्हांस नव्या घराचा ताबा घेतल्यावर काही महिन्यांतच अनिद्रा व अम्लपित्त यांनी पीडित झालेले रुग्णही भेटतात.

चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात, शोधनोपचारांसाठी घर कसे असावे हे सांगितले आहे. ते मजबूत असावे, वाऱ्याचा थेट झोत न येता एका भागात हवा खेळावी, आत सुखाने वावरता यावे, धूर व धुळीचा उपद्रव नसावा. पाणी, शौचस्थान, स्नानाची जागा व स्वयंपाकघर असावे. (हे वर्णन राजे व धनिकांसाठी आहे, हे खरे, दरिद्री रुग्णास एवढी सामग्री न जमवताही शोधन घेण्याची मुभा आचार्य तेथेच देतात.) ११ व्या अध्यायातील तीन एषणांत प्राणैषणा पहिली, धनैषणा दुसरी. आमच्या मते निवारा पहिलीत मोडतो, मालकी दुसरीत.

मुंबईतील बीडीडी चाळींचे उदाहरण पाहावे. १९२० च्या दशकातील या चाळींत सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचालय. तेथे रांगेत तिष्ठणे म्हणजे नित्याचा वेगावरोध. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याही घराची किंमत न मोजता. येथे प्राणैषणा व धनैषणा एकदमच पूर्ण झाल्या. चाळीतला शेजार मनोऱ्यात किती टिकतो, ते पाहावयाचे.

असे भाग्य विरळा. इतरांस कर्ज काढून विरार-बदलापूर गाठावे लागते. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर, आणि लोकलमध्ये शौचालय नाही. चाळीतला वेगावरोध गाडीत आला, एवढेच. भोजनकाल टळतो, निद्रा तुटते. शिवाय हप्त्यांची चिंता पंधरा-वीस वर्षांची. अतिचिंतनाने रसवह स्रोतसे दुष्ट होतात, हे विमानस्थानात स्पष्ट आहे. ११ महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरूही निश्चिंत नसतो. त्याची स्थैर्याची ओढ आम्ही खोटी मानत नाही.

म्हणून अशा रुग्णास अविपत्तिकर चूर्ण देण्यापूर्वी घर कोठे, प्रवास किती, हप्ता उत्पन्नाच्या कितवा हिस्सा, हे विचारावे. घर घेण्यापूर्वीच कोणी सल्ला मागितला, तर अंतराचा विचार आधी व क्षेत्रफळाचा नंतर करावयास सांगावे.