पुसले, तरी उरले!

समजा, राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरू वाड्यासमोर काढलेले मैत्रिणीचे छायाचित्र तुम्ही ‘मॅस्टोडॉन’वर टाकले. २०१६ साली सुरू झालेल्या या समाजमाध्यमाला एकच मालक नाही. निरनिराळ्या चालकांचे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असतात. तुमच्या नोंदी वाचणारे ज्या ज्या सर्व्हरवर असतील, तेथे तेथे छायाचित्राची प्रत जाते.

रात्री मैत्रीण म्हणते, “काढून टाक.” तुम्ही ते पुसता. तुमचा सर्व्हर इतरांना तशी सूचना धाडतो. पण ती पाळणे त्यांच्या हाती. एखादी प्रत उरू शकते. तेथील खासगी संदेशही पोस्टकार्डासारखाच: सर्व्हरचा चालक तो वाचू शकतो.

म्हणून पाठवण्यापूर्वीच पाहा: गणवेश, घराचा पत्ता, गाडीचा क्रमांक दिसतो का? आणि मुख्य म्हणजे, मैत्रिणीला विचारलेत का?