फक्क बालक आणि व्यवसायोपचार : वैद्याने जाणून घ्यावयाचे परीक्षण व प्रयोग

मूल वेळेवर बसत नाही, चालत नाही, हातात वस्तू धरीत नाही, शाळेत लिहिताना मागे पडते अशा तक्रारी घेऊन येणारे पालक आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात येतात. त्यांची अपेक्षा एखाद्या घृताची, तेलाची वा बल्य कल्पाची असते आणि आपणही पुष्कळदा तेवढेच देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगतो. औषधयोजना शास्त्रोक्त असली तरी त्या अवधीत बालकाने करावयाचा अभ्यास मात्र राहून जातो. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण अतिशय वेगाने होत असते, म्हणून त्या वयातील तीन महिने म्हणजे लहान कालखंड नव्हे. अशा बालकांसाठी व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी, हे शास्त्र काय करते, त्याचे परीक्षण कसे चालते आणि वैद्याने बालकास तिकडे केव्हा पाठवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फक्करथाची आठवण

काश्यपसंहितेत एक वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही त्यास ‘फक्क’ म्हटले असून क्षीरज, गर्भज व व्याधिज असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. चिकित्सेत स्नेहन, शोधन व अभ्यंग तर आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला आचार्यांनी तीन चाकांचा फक्करथही सांगितला आहे. आपल्याकडे घरोघरी सुताराकडून करून घेतला जाणारा लाकडी पांगुळगाडा हे त्याचेच रूप म्हणावे लागेल. औषधाने शरीर सिद्ध करावे, पण चालणे हे चालण्याच्या अभ्यासानेच यावे, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो. चरकाचार्यांनीही शारीरस्थानात बालकाची खेळणी कशी असावीत याचे वर्णन करताना ती हलकी, नाद करणारी, मन रमविणारी, अणकुचीदार नसणारी व तोंडात न जाणारी असावीत असे सांगितले आहे. साधन, खेळ आणि अभ्यास यांच्याद्वारे बालकाची क्षमता वाढविणे ही कल्पना आपल्या परंपरेस परकी नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी बालके ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागतात. त्यामुळे केवळ वर्ष उलटले म्हणून प्रत्येक बालकास रोगी ठरवू नये. मात्र इतर लक्षणे पाहण्यास तेव्हापासूनच आरंभ करावा. तसेच पांगुळगाडा आणि बाजारातील बैठक असलेला गोल वॉकर यांत गल्लत करू नये. पांगुळगाड्यात मूल उभे राहून स्वतःचा भार पेलते. गोल वॉकरमध्ये ते बसून पायांच्या बोटांनी सरकते. त्याने चालणे लवकर येत नाही आणि पडण्या-भाजण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पालकांनी विचारल्यास हा वॉकर घेऊ नये असेच सांगावे.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

येथे ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ नोकरीधंदा असा नाही. मनुष्याचा दिवस ज्या कृतींनी भरलेला असतो त्या सर्व कृती म्हणजे व्यवसाय. बालकाचे व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, कपडे घालणे, शौचास जाणे, लिहिणे आणि इतर मुलांत मिसळणे. भौतिकोपचार मुख्यत्वे हालचाल, बल व चालणे यांचा विचार करतो; व्यवसायोपचार त्या हालचालीचा उपयोग दैनंदिन कृतीत होतो की नाही हे पाहतो. दोन्हींचे क्षेत्र काही ठिकाणी एकमेकांत मिसळते, हेही खरे.

भारतात या शास्त्राचे शिक्षण महाराष्ट्रातच सुरू झाले. श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात पहिले विद्यालय चालू केले आणि १९५२ मध्ये या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यान्वये व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी स्वतंत्र राज्य परिषदेची तरतूद झाली आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय देशपातळीवरील नियमनाखाली आला. पालकांना नाव सुचविताना तज्ज्ञाची पदवी व नोंदणी विचारून घेणे म्हणूनच शक्य आहे आणि आवश्यकही आहे.

परीक्षणाचे टप्पे

आपले दर्शन, स्पर्शन, प्रश्न हे त्रिविध परीक्षण येथेही दिसते. फक्त त्याचा रोख वेगळा असतो.

*पहिला टप्पा : प्रश्न.* गर्भकाळ, प्रसूती, जन्मतः रडणे, कावीळ, आकडी, आहार, झोप यांची माहिती घेतली जाते. अकाली जन्मलेल्या बालकाचे वय अपेक्षित प्रसूतितिथीपासून मोजून विकास तपासला जातो. यानंतर पालकांना सर्वांत जास्त अडचण कोणत्या कृतीत वाटते हे विचारतात. कॅनडात विकसित होऊन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मापनपद्धतीत पालक वा बालक अशा कृती स्वतः निवडतात आणि ती कृती किती जमते व त्याबद्दल किती समाधान आहे यांना १ ते १० गुण देतात. काही महिन्यांनी तेच गुण पुन्हा घेतले की प्रगती आकड्यांत दिसते.

*दुसरा टप्पा : दर्शन.* बालकास खेळू देऊन निरीक्षण केले जाते. बसताना पाठ कशी राहते, वस्तू संपूर्ण मुठीने धरतो की अंगठा व तर्जनीच्या चिमटीत, दोन्ही हात एकत्र चालतात का, नजर हाताच्या मागे जाते का, आवाज वा स्पर्श यांनी बिथरतो का, हे सर्व टिपले जाते.

*तिसरा टप्पा : स्पर्शन.* स्नायूंचा ताठरपणा वा शिथिलता, सांध्यांची गती व प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या जातात.

*चौथा टप्पा : प्रमाणित चाचण्या.* भारतीय बालकांसाठी बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांच्या कार्यातून तयार झालेली डीएएसआयआय ही विकासचाचणी जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत वापरली जाते. तीत ६७ कारक व १६३ मानसिक घटक आहेत. मोठ्या बालकांत नजर व हात यांचा मेळ, सूक्ष्म कारक कौशल्ये आणि संवेदनांना मिळणारा प्रतिसाद यांसाठी वेगवेगळ्या चाचण्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा परदेशात प्रमाणित झालेल्या असल्याने केवळ गुणांवरून निष्कर्ष न काढता ते निरीक्षणाशी ताडून पाहावे लागतात.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाच्या अहवालात जीएमएफसीएस आणि एमएसीएस अशी दोन संक्षिप्त नावे वारंवार आढळतात. पहिली श्रेणी शरीराच्या स्थूल हालचालीची, तर दुसरी दैनंदिन वस्तू हाताळण्याची आहे. दोन्हींत पाच पातळ्या असून पहिली पातळी सर्वांत सौम्य व पाचवी सर्वांत तीव्र होय. ही नावे वैद्यास ठाऊक असली म्हणजे अहवाल वाचता येतो आणि पालकांना अवाजवी आश्वासन देण्याचा प्रसंग टळतो.

चिकित्सेचे स्वरूप

परीक्षणानंतर उद्दिष्ट लिहिले जाते आणि ते मोघम नसते. समजा, डाव्या अंगाचा पक्षवध असलेली पाच वर्षांची मुलगी आहे. तिच्यासाठी ‘हाताचे बल वाढविणे’ असे न लिहिता ‘तीन महिन्यांत डाव्या हाताने वाटी धरून उजव्या हाताने चमच्याने स्वतः वरणभात खाणे’ असे लिहिले जाते. मग त्याच कृतीचा, तिच्या लहान लहान पायऱ्या पाडून, रोज सराव करून घेतात. चांगला हात ठरावीक वेळ बांधून दुर्बल हातास काम करावयास लावणे, दोन्ही हातांनीच होतील असे खेळ देणे, जाड मुठीचा चमचा, न घसरणारी ताटली, योग्य खुर्ची व आवश्यक तेथे स्प्लिंट ही त्यातील साधने होत.

दुसरे उदाहरण सात वर्षांच्या मुलाचे घेऊ. अक्षर वाईट म्हणून त्यास आळशी ठरविले जाते. परीक्षणात दिसते की बाक उंच असल्याने पाय लोंबकळतात, धड स्थिर राहत नाही, पेन्सिल घट्ट आवळून धरल्याने हात लवकर थकतो. पायांखाली पाट, कोपराच्या उंचीचे मेज व रोज थोडा आखीव सराव एवढ्यानेही अशा मुलाचे लेखन सुधारू शकते. अर्थात दृष्टीची तपासणी आणि अध्ययन-अक्षमतेची शक्यता यांचा विचार आधी झालेला असावा.

या शास्त्रातील सर्वच पद्धती सारख्या प्रमाणित आहेत असे नाही. आयोना नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात प्रत्यक्ष कृतीचा उद्दिष्टानुसारी सराव, दोन्ही हातांचे प्रशिक्षण, चांगला हात बांधून करावयाचा सराव आणि घरी करावयाचा नियोजित कार्यक्रम यांना चांगला आधार आढळला. तज्ज्ञाने बालकाचे अंग हलवावे व बालकाने स्वस्थ राहावे अशा पद्धतींना तसा आधार आढळला नाही. जे बालक स्वतः करते तेच त्यास येते, हे यातील सूत्र आहे.

बालकास केव्हा पाठवावे?

पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास ‘होईल हळूहळू’ असे म्हणू नये. बालरोगतज्ज्ञ व व्यवसायोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पत्र देऊन पाठवावे :

१. चार महिने पूर्ण होऊनही मान न धरणे, किंवा मुठी सतत आवळलेल्या राहणे.
२. नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय न बसणे.
३. वर्षाच्या आतच एकच हात वापरणे. पालक याला ‘डावखुरा’ वा ‘उजवा’ म्हणून कौतुकाने सांगतात. परंतु ते दुसऱ्या हाताच्या दुर्बलतेचे चिन्ह असू शकते.
४. अठरा महिने होऊनही न चालणे.
५. वर्षानंतरही नावाने हाक मारल्यावर न वळणे, अठरा महिन्यांनंतरही बोटाने वस्तू न दाखविणे. येथे श्रवणपरीक्षा प्रथम करावी.
६. प्रत्येक घासास वा घोटास ठसका लागणे.
७. आलेले कौशल्य कोणत्याही वयात नाहीसे होणे, किंवा तान्ह्या बालकाचे अंग एकामागून एक झटक्यांनी वाकणे. ही दोन लक्षणे तातडीची समजावीत. एक दिवसही थांबू नये.

विलंबित विकासाच्या मुळाशी जन्मजात थायरॉइडची न्यूनता, मुडदूस किंवा कुपोषणही असू शकते. त्यांची चाचणी व उपचार वेळेवर होणे हे कोणत्याही व्यायामापेक्षा आधी येते.

आपल्या चिकित्सेची जागा व मर्यादा

अभ्यंगाने बालक सुखावते, माता व बालक यांचा सहवास वाढतो आणि त्यानंतर सराव करून घेणे सोपे जाते असा अनुभव आहे. अभ्यंग व सराव यांची वेळ तज्ज्ञाशी बोलून जुळवून घ्यावी असे आम्ही सुचवितो. दीपन-पाचन, आहारयोजना, मलबद्धतेचे निवारण व निद्रेची घडी यांतही आपले साहाय्य मोलाचे ठरते. मात्र काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली गोष्ट गिळण्याविषयी. ज्या बालकास गिळताना ठसका लागतो त्यास आडवे धरून घृत वा तेल पाजू नये आणि तान्ह्या बालकाच्या नाकात तेल-तूप सोडू नये. स्निग्ध द्रव्य श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसांचा गंभीर दाह होतो आणि पुष्कळदा ठसकाही लागत नसल्याने ते ध्यानात येत नाही. अशा बालकाचे भोजन-परीक्षण आधी व्हावे, घृतपानाचा विचार नंतर करावा.

दुसरी गोष्ट कापराविषयी. कापूर असलेली तेले व मलमे लहान बालकास, विशेषतः आकडी येणाऱ्या बालकास, वापरू नयेत. कापराने आकडी येऊ शकते.

तिसरी गोष्ट चालू औषधांविषयी. आकडीची औषधे आपल्या सल्ल्याने कधीही बंद करू नयेत.

चौथी गोष्ट रसकल्पांविषयी. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. शोधन-मारणाची आपली बाजू आपण जरूर मांडावी. पण शिसे विकसनशील मेंदूस घातक असते हे निर्विवाद आहे. ज्या बालकाचा विकास आधीच मंद आहे त्यास चाचणीचा दाखला नसलेला रसकल्प देणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

औषधालयचालकांस विनंती

पालक पुष्कळदा वैद्याकडे न जाता थेट औषधालयात येऊन ‘बुद्धीचे’ वा ‘ताकदीचे’ सिरप मागतात. अशा वेळी बालकाचे वय काय, ते बसते-चालते का आणि कोणास दाखविले आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर समाधानकारक नसल्यास बाटली देण्यापूर्वी वैद्याचे वा रुग्णालयाचे नाव द्यावे. वरील सात लक्षणांचा छोटा फलक दुकानात लावता येईल. ‘पक्षवध बरा होतो’, ‘अपस्मार जातो’ अशी जाहिरातपत्रके मात्र ठेवू नयेत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने ती निषिद्ध आहेत.

समारोप

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला असून त्याअंतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. तेथील सेवा विनामूल्य असल्याने खर्चाच्या भीतीने थांबलेल्या पालकांना प्रथम तेथेच पाठवावे. सोबतच्या पत्रात बालकाचे वय, आढळलेली लक्षणे, चालू असलेले कल्प व त्यांची मात्रा एवढे अवश्य लिहावे आणि तज्ज्ञाच्या अहवालाची प्रत मागवावी. तो अहवाल पुढील भेटीत समोर ठेवून कृतीनिहाय प्रगती नोंदविली तर आपल्या औषधाचा उपयोग किती झाला हेही आपणांस प्रामाणिकपणे पडताळता येईल. फक्करथ घडविण्यासाठी आचार्यांनी सुतारास बोलाविण्यात कमीपणा मानला नाही. आपणही व्यवसायोपचारतज्ज्ञास वेळेवर बोलवावे, इतकेच या लेखाद्वारे वैद्यबंधुभगिनींस निवेदन आहे.