हर्स्ट विरुद्ध युनायटेड किंग्डम

हर्स्ट विरुद्ध युनायटेड किंग्डम हा कैद्यांच्या मताधिकारासंबंधीचा खटला असून, त्याचा अंतिम निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी दिला. राष्ट्रीय अस्मितेचा आंतरराष्ट्रीय निर्णयांच्या अंमलबजावणीवर होणारा परिणाम या खटल्यातून स्पष्ट होतो.

निकाल

ब्रिटनमधील १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३ नुसार शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना मतदान करता येत नसे. जॉन हर्स्ट या कैद्याने त्यास आव्हान दिले. न्यायालयाने १२ विरुद्ध ५ मतांनी ही बंदी युरोपीय मानवी हक्क कराराशी विसंगत ठरवली. प्रत्येक कैद्याला मताधिकार द्यावा, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. गुन्ह्याचे स्वरूप व शिक्षेची मुदत न पाहता केलेली सरसकट बंदी त्याला अमान्य होती.

राष्ट्रीय अस्मिता

ब्रिटनने हा करार १९५१ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थित केला होता आणि त्याच्या मसुद्यात डेव्हिड मॅक्सवेल फाइफ या ब्रिटिश कायदेपंडिताचा महत्त्वाचा वाटा होता. कायद्याच्या राज्याचा पुरस्कर्ता ही ब्रिटनची स्वतःविषयीची एक प्रतिमा होय. संसदेचे सार्वभौमत्व ही दुसरी. या खटल्यात दोन्हींचा संघर्ष झाला. १० फेब्रुवारी २०११ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने बंदीच्या बाजूने २३४ विरुद्ध २२ मतांनी ठराव संमत केला. असे निर्णय निवडून आलेल्या प्रतिनिधींनीच घ्यावेत, अशी त्यातील भूमिका होती. त्यामुळे कैद्यांच्या हक्काचा प्रश्न 'कायदे कोणी करावेत' या प्रश्नात रूपांतरित झाला.

याउलट, समलिंगी व्यक्तींच्या सैन्यसेवेवरील बंदीविरुद्ध याच न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये निकाल दिल्यावर ब्रिटनने जानेवारी २००० मध्ये ती उठवली. मात्र त्यासाठी संसदेने नवा कायदा करण्याची गरज नव्हती. म्हणून या फरकाचे कारण केवळ अस्मितेत शोधता येत नाही. कैद्यांविषयीचे लोकमत व निवडणुकीचे राजकारण हे घटकही विचारात घ्यावे लागतात.

अंमलबजावणी

२०१७ मध्ये सरकारने कायदा न बदलता, तात्पुरत्या परवानगीवर तुरुंगाबाहेर असलेल्या काही कैद्यांना मतदानाची मुभा देण्याचे ठरवले. युरोप परिषदेच्या मंत्री समितीने ते पुरेसे मानून डिसेंबर २०१८ मध्ये प्रकरणावरील देखरेख संपवली. स्कॉटलंडच्या संसदेने मात्र २०२० मध्ये कायदा करून १२ महिने किंवा त्याहून कमी शिक्षा झालेल्या कैद्यांना स्कॉटिश संसदेच्या व स्थानिक निवडणुकांत मताधिकार दिला. एकाच राज्यातील दोन संसदांनी एकाच निकालाला असा भिन्न प्रतिसाद दिला.