पीव्हीसी पाइपाची रेसिंग कार

परवा जळगावला भाच्याकडे गेलो, तर पठ्ठ्या गच्चीवर पीव्हीसीचे पाइप करवतीने कापत बसलेला. ताई वैतागलेली: "नळाचं काम सांगितलं तर हलत नाही!"

तो 'बाजा'च्या गाडीचा सांगाडा जुळवत होता. लोखंडाला हात लावण्याआधी स्वस्तातल्या पाइपात ड्रायव्हर बसवून बघायचा. डोकं कुठे आपटतं, गुडघे कुठे अडतात, सगळं कळतं. आणि जळगावात पाइपांना काय तोटा!

बाजा एसएई इंडिया ही इंजिनिअरिंगच्या पोरांची स्पर्धा. पहिली 2007 साली पीथमपूरला झाली, म्हणजे आपल्या धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्याचा घाट ओलांडून इंदूरकडे. खडबडीत रानातून पळणारी एका माणसाची गाडी स्वतः बनवायची. पेट्रोल गटात सगळ्यांना एकसारखंच, साधारण 10 अश्वशक्तीचं इंजिन. त्यामुळे बापाच्या पैशाने जोर वाढत नाही. वजन, गिअर, सस्पेन्शन, तिथेच डोकं लावायचं.

तपासणी कडक. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. ड्रायव्हरने बेल्ट सोडून 5 सेकंदांत बाहेर यायचं. शेवटी चार तासांची शर्यत.

मी स्वतः या स्पर्धेत होतो, तेव्हा सरावातच आमच्या गाडीच्या सस्पेन्शनचा जोड तुटला होता. वेल्डिंग मीच केलेलं. उष्णतेने वेल्डशेजारचा धातू कसा बदलतो, ते त्या रात्री पुस्तक उघडून वाचलं. परीक्षेसाठी कधी वाचलं नव्हतं!

खान्देशातल्या कुणाला संघ काढायचा असेल, तर बिनधास्त विचारा. वेल्डिंग सोडून.