जुन्या आयशरची घरच्या घरी देखभाल



ज्यांच्या छपरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक सिलिंडरचा आयशर उभा आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हा लेख आहे. दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर असेल त्यांनीही वाचायला हरकत नाही. इंजिन थंड करण्याचा भाग सोडला तर बाकीचे बहुतेक सगळे त्यांनाही लागू पडेल.

दर वर्षी रब्बीची मळणी उरकली की एकच प्रश्न घेऊन पुष्कळ जण माझ्याकडे येतात. "साहेब, जुना देऊन नवा घ्यावा का?" मला नव्या ट्रॅक्टरचे वावडे नाही. रान मोठे असेल, बाहेरची भाड्याची कामे भरपूर असतील, तर जरूर घ्या. पण पाच-सात एकरांच्या धन्याने केवळ "गरम होतो, ताकद राहिली नाही" एवढ्यावरून चालता ट्रॅक्टर भंगाराच्या भावाने द्यायचा आणि जमिनीवर बोजा चढवायचा, हे मला पटत नाही. हप्ता ठरल्या तारखेला येतो. पाऊस तसा येत नाही.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी दोघा भावांत यावरून अबोला धरण्यापर्यंत पाळी आली होती. ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला. थोरला म्हणे विकू, धाकटा म्हणे ठेवू. दलाल दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. मी गेलो तेव्हा इंजिनावरचे पत्र्याचे कवच काढायला सांगितले. आत पाहिले तर सिलिंडरभोवतीच्या कडांमध्ये तेल, धूळ आणि गव्हाचा भुसा यांचा राब बसून शेणकुटासारखा टणक झालेला. वारा जायला वाटच नव्हती. दोघांनी मिळून अर्धा दिवस खरडून तो काढला, ढिला पट्टा बदलला, डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे घातले. त्या वर्षी खरिपाची सगळी पेरणी त्याच ट्रॅक्टरने झाली. दलालाला चहा पाजून परत पाठवला असे वहिनींनी मला नंतर सांगितले.

हे यंत्र मूळचे जर्मनीचे. बव्हेरिया प्रांतातल्या फॉर्स्टर्न या खेड्यात आयशर बंधूंनी १९३६ साली पहिला ट्रॅक्टर बनवला आणि १९४८ पासून ते हवेने थंड होणारी डिझेल इंजिने बनवू लागले. त्यांच्याशी सहकार्य करून आपल्याकडे फरिदाबादच्या कारखान्यात १९५९ च्या एप्रिलमध्ये पहिला आयशर तयार झाला. भारतात बांधलेला तो पहिला ट्रॅक्टर. पुढे २००५ साली हा ट्रॅक्टरचा धंदा चेन्नईच्या टाफे कंपनीकडे गेला. त्या जर्मनीत जुनी गाडी घरी जपणारे लोक पुष्कळ आहेत. ३० वर्षांवरची गाडी मूळ रूपात नीट राखली असेल तर नंबराच्या पाटीवर तिला शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. ही सोय १९९७ पासूनची आहे. पोर्शे हे नाव शहरातल्या मुलांना वेगवान मोटारीमुळे माहीत असते, पण १९५६ ते १९६३ या काळात त्याच नावाचे लाल ट्रॅक्टरही जर्मनीत बनत होते आणि तेही हवेनेच थंड होत. पोर्शेची ९११ ही मोटार १९६३ साली लोकांना दाखवली गेली. १९९८ पर्यंत तिच्या इंजिनालाही पाणी नव्हते. अशी जुनी ९११ बाळगणारा माणूस सुटीच्या दिवशी आपल्या छपरात जे करतो, म्हणजे तेल बदलणे, पंख्याचा पट्टा पाहणे, व्हॉल्व्हची फट लावणे, तेच तुम्हाला आपल्या आयशरला करायचे आहे. यंत्राची जात वेगळी, पण दुखणी तीच.

आता कामाकडे वळू. या इंजिनाला रेडिएटर नाही, म्हणून पाणी गळणे नाही, होज फाटणे नाही. हा मोठा फायदा. पण त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. पाण्याच्या इंजिनात बिघाड झाला तर वाफ येते, पाणी उकळते, धन्याला कळते. इथे तशी बोंब ठोकणारे कोणी नाही. पंख्याचा वारा कडांमधून फिरला तरच उष्णता बाहेर जाते. या कडांना मिस्त्री 'फिन' म्हणतात. त्या बुजल्या की सिलिंडर एका बाजूने तापतो, तेल पातळ होते आणि एक दिवस पिस्टन आतच धरतो. मग बोअर, पिस्टन, रिंगा असा सगळा खर्च अंगावर येतो, तोही बहुधा ऐन घाईत.

म्हणून मळणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा आणि एरवी महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना कवच काढा. लाकडाची चपटी काडी आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन प्रत्येक फट मोकळी करा. चिकट थर असेल तर थोडे डिझेल लावून भिजू द्या, फडक्याने पुसा, जवळ पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असेल तर वारा मारा. वारा मारताना डोळे झाका. तापलेल्या इंजिनावर पाणी कधीही ओतू नका. ओतीव लोखंडाला एकदम गारवा लागला की हेडला तडा जातो. आणि काढलेले कवच पुन्हा नीट बसवा. पुष्कळ ठिकाणी मी पाहिले आहे की पत्रा सैल झाला, वाजू लागला, म्हणून काढून खुंटीला टांगून ठेवलेला असतो. उघड्या इंजिनाला वारा जास्त लागेल अशी त्यांची समजूत. होते उलटेच. तो पत्रा वाऱ्याला कडांमधून जायला भाग पाडतो. तो नसला की वारा मोकळ्या जागेतून निघून जातो.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने मधोमध दाबून पाहा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. त्याहून ढिला असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग जाते. कडेला चिरा दिसल्या की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. एक नवा पट्टा घरात खुंटीला असावाच. रानात पट्टा तुटला तर "एवढी तास संपवू" म्हणू नका; लगेच इंजिन बंद करा.

तेलाबद्दल थोडक्यात. हवेच्या इंजिनात उष्णता नेण्याचे बरेच काम तेलच करते, त्यामुळे इथे कंजुषी महाग पडते. रोज सकाळी सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी काडी पाहा. पुस्तिकेत दिलेल्या तासांना तेल बदला, धुळीच्या कामात थोडे आधीच. इंजिन गरम असताना जुने तेल सोडा म्हणजे गाळ निघून येतो. तेलाबरोबर फिल्टरही बदला. ते काळे तेल विहिरीच्या कडेला किंवा ओढ्यात ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्या.

तासांचा हिशेब कोण ठेवणार? मीटर बहुतेकांचे बंदच असतात. हे काम घरातल्या बाईने किंवा शाळेतल्या मुलीने उत्तम होते. एका वहीत तारीख, निघाला किती वाजता, आला किती वाजता, डिझेल किती, एवढेच लिहावे. तेवढ्याच कामाला डिझेल जास्त लागू लागले तर वहीतच पहिल्यांदा दिसते. ज्या घरी अशी वही आहे तिथे मिस्त्रीसुद्धा जपून बोलतो.

हवा गाळणाऱ्या भांड्यात तेल असते. कोरड्या मातीत काम असेल तर ते रोज संध्याकाळी उघडून पाहावे. तळाला चिखल बसला असेल तर तेल फेकून भांडे डिझेलने धुवा, पुसा आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरा. खुणेच्या वर भरू नका. इंजिन ते तेल ओढून घेते, त्यावरच पळत सुटते आणि बंद करण्याचा दांडा ओढूनही थांबत नाही.

धुराकडे पाहायची सवय लावा. काळा धूर म्हणजे हवा कमी, भार जास्त किंवा नोझल खराब. निळा म्हणजे तेल जळते आहे. सकाळी थोडा पांढरा धूर चालतो. दिवसभर राहिला तर डिझेलमध्ये पाणी असण्याचा संशय घ्या. टाकी संध्याकाळी भरून ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटण्याचे प्रमाण कमी होते.

डिझेल संपून किंवा फिल्टर बदलून हवा धरली, तर मिस्त्रीला दहा मैलांवरून बोलवायची गरज नाही. टाकीची तोटी उघडी आहे ना ते पाहा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल; तेव्हा स्क्रू आवळा. पुढे फ्युएल पंपावरच्या स्क्रूला हेच करा. तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करून थोडा वेळ सेल्फ मारा आणि डिझेल आले की आवळा. या वेळी हात आणि तोंड दूर ठेवा. नोझलमधून सुटणारी बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत डिझेल गेलेले असते. असे झाले तर दुखो न दुखो, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना काय शिरले ते स्पष्ट सांगा.

व्हॉल्व्हची फट घरी लावता येते. फिलर गेजची पट्टी, दोन पाने आणि निवांत सकाळ एवढेच लागते. इंजिन थंड हवे, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, आकडा पुस्तिकेतलाच घ्यायचा; अंदाज नको.

फ्युएल पंपाला मात्र हात लावू नका. त्यावर शिसे लावून मोहोर केलेली असते ती उगाच नसते. "थोडे डिझेल वाढवून देतो, ताकद वाढेल" असे सांगणारे कारागीर भेटतात. ताकद थोडे दिवस वाढते, धूर कायमचा वाढतो, आणि हवेवर चालणारे इंजिन ती जादा उष्णता सोसत नाही. पंप आणि नोझल तपासायला यंत्र लागते. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच न्या.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक सभेत सांगतो आणि इथेही सांगणार. चावीने सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची टोके जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो सुरू होताच पुढे निघतो, आणि माणूस उभा असतो तो नेमका मागच्या चाकापुढे. पळायला वेळ मिळत नाही. बॅटरीची टोके घासून साफ करा, स्विच दुरुस्त करून घ्या. आसनावर बसून, गिअर न्यूट्रल करूनच सुरू करा. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय शिरू नका. लिफ्टवरचे अवजार खाली टेकवूनच काम सुरू करा. पीटीओच्या दांड्यावर झाकण नसेल तर पदर, उपरणे, मफलर यांपासून सांभाळा. छपर बंद असेल तर आत इंजिन चालू ठेवू नका.

पावसाळ्यात किंवा कामे संपल्यावर ट्रॅक्टर दोन महिने उभा राहणार असेल तर धुऊन, ग्रीस भरून, बॅटरीची ऋण तार काढून, हवा भरलेल्या टायरांवर कोरड्या जागी लावा. धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घाला. पुन्हा काढाल त्या दिवशी डबा काढायला विसरू नका, आणि पंख्याचे कवच उघडून आत पाहा. उंदीर तिथे कापूस नि चिंध्या भरून घर करतात, कुंभारीण माशी मातीची पोळी करते. ते सगळे काढा, पट्टा हाताने दाबून पाहा, तेलाची काडी पाहा, मग वर बसून सेल्फ मारा.