भंगारातून निघालेला पत्ता

१३ सप्टेंबर २०२२. युक्रेनच्या ईशान्येकडच्या खारकीव प्रांतातून रशियन फौजा नुकत्याच मागे हटल्या होत्या. तिथे कुपियान्स्क शहराजवळ युक्रेनी सैनिकांना एका उडत्या यंत्राचे तुकडे सापडले. त्यात त्रिकोणी पंखाचा भाग होता आणि पंखाच्या टोकाची उभी पट्टीही होती. तिच्यावर रशियन अक्षरांत नाव रंगवलेलं: ‘गेरान-२’. गेरान म्हणजे जिरेनियम, कुंडीत लावतात ते फुलझाड. फोटो जगभर फिरले आणि शस्त्रांचे फोटो न्याहाळणं हाच ज्यांचा पेशा, त्यांनी लगेच ओळखलं. हे तर इराणचं शाहेद-१३६!

तेहरानने कानांवर हात ठेवले. १७ ऑक्टोबरला भल्या सकाळी हीच यंत्रं कीव्हच्या मध्यवस्तीत कोसळली, राहत्या इमारतीत माणसं मेली. दुसऱ्या दिवशी क्रेमलिनचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव म्हणाले, वापरली जाते ती रशियन सामग्री आहे आणि तिला रशियन नावं आहेत. उत्तर चलाख होतं. नावं रशियन होतीच. आता कुणीतरी ते यंत्र खोलून दाखवणं भाग होतं.

यंत्र तसं साधं. लांबी साडेतीन मीटर, पंखांचा विस्तार अडीच मीटर, वजन दोनशे किलोच्या आसपास आणि त्यात चाळीस-पन्नास किलो वॉरहेड. वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर. शेपटीकडचं दोन-स्ट्रोक इंजिन असं फटफटतं की युक्रेनी लोक त्याला ‘मोपेड’ म्हणतात. किमतीचे अंदाज वीस ते पन्नास हजार डॉलरचे. ते पाडायला सोडलेलं क्षेपणास्त्र पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट महाग पडतं.

बातम्यांत शाहेदला सर्रास ‘लॉयटरिंग म्युनिशन’ म्हणतात, म्हणजे घिरट्या घालणारा दारूगोळा. काटेकोर बोलायचं तर शाहेद घिरट्या घालत नाही. घिरट्या घालण्याची कल्पना आली रडारशी चाललेल्या लपंडावातून. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने फसवी, वैमानिक नसलेली विमानं पुढे पाठवली. सीरियाची रडारं ती टिपायला जागी झाली आणि पहिल्याच दिवशी क्षेपणास्त्रांच्या १९ तुकड्यांपैकी १७ उद्ध्वस्त झाल्या. पण शहाणा रडारवाला रडार बंद करून बसतो. मग त्याच्या डोक्यावर तासन् तास फिरत राहायचं आणि त्याने बटण दाबलं की त्याच्यावरच सूर मारायचा, यासाठी इस्रायलने ‘हार्पी’ बनवलं. पुढे ‘हारोप’मध्ये कॅमेरा आणि तो पाहणारा माणूस आला. एप्रिल २०१६ मध्ये काराबाखच्या चकमकीत अझरबैजानच्या हारोपने आर्मेनियन स्वयंसेवकांची बस उडवली.

आपल्या नागपुरात सोलर उद्योगसमूहाने तयार केलेलं ‘नागास्त्र-१’ याच जातीचं. जवानाच्या पाठीवरून नेता येणारं, नऊ किलोचं, अर्धा तास हवेत राहणारं. लक्ष्य सापडलं नाही तर ते पॅराशूटने परत उतरवता येतं.

मूळ शाहेदला मात्र परत बोलावता येत नाही. अक्षांश-रेखांश भरायचे, सोडायचं आणि विसरायचं. म्हणून ते लागतं मुख्यतः जागचं न हलणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे वीजकेंद्रांवर, तेलाच्या टाक्यांवर, घरांवर.

त्याचा माग काढणाऱ्यांना कुपियान्स्कच्या सहा वर्षं आधीच पहिलं सूत्र मिळालं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये येमेनच्या मारिब भागात संयुक्त अरब अमिरातीच्या सैनिकांनी एक ट्रक पकडला. त्यात ‘कासेफ-१’ ड्रोनचे भाग होते. तीनच महिन्यांत हुथी बंडखोरांनी प्रदर्शन भरवून तेच ड्रोन आपण घरी बनवल्याचं जाहीर केलं. कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या ब्रिटनमधल्या संस्थेच्या माणसांनी पकडलेला माल खोलला. ही माणसं रणांगणावरचं भंगार गोळा करतात, प्रत्येक भागावरचा आकडा टिपतात आणि तो बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून विचारतात की तुम्ही हा कुणाला विकला? कंटाळवाणं काम आहे. पण शस्त्रांच्या व्यापारात खरं बोलणारा साक्षीदार बहुधा तेवढाच असतो.

कासेफच्या पोटात त्यांना एक उभा जायरोस्कोप मिळाला. हवेत यंत्र किती कललं आहे हे सांगणारा. नमुना ‘व्ही-१०’. अगदी तसाच जायरोस्कोप त्याच वर्षी अफगाणिस्तानात अमेरिकनांच्या हाती लागलेल्या इराणी शाहेद-१२३ मध्ये होता. पंखाचा आकार कुणीही उचलेल. इराणच्या आधी जर्मनीत डॉर्नियर कंपनीने आणि इस्रायलने असे त्रिकोणी पंख केले होते. पण हा जायरोस्कोप इराणी बनावटीची यंत्रं सोडली तर तपासनीसांना कुठेच दिसला नव्हता. हुथींचा दावा तिथेच लंगडा पडला.

१४ सप्टेंबर २०१९ ला पहाटे सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं आदळली. दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन बंद पडलं, म्हणजे देशाचं निम्मं. हुथींनी लगेच श्रेय घेतलं. आता येमेन आहे सौदीच्या दक्षिणेला आणि मारा झाला होता उत्तरेच्या बाजूने. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी हुथींचा दावा फेटाळला. त्रिकोणी ड्रोनच्या अवशेषांत त्यांना जायरोस्कोप मिळाला: ‘व्ही-९’. व्ही-१०चा सख्खा भाऊ.

जुलै २०२१ मध्ये ओमानजवळ ‘मर्सर स्ट्रीट’ या तेलवाहू जहाजावर ड्रोन आदळलं. दोघे ठार झाले, एक रोमानियन, एक ब्रिटिश. ‘रोनाल्ड रेगन’ या विमानवाहू नौकेवरचे अमेरिकन स्फोटकतज्ज्ञ जहाजावर चढले. चालककक्षाच्या छताला भोक पडलं होतं. त्याच्या आसपास पंखाच्या टोकाच्या उभ्या पट्टीचे तुकडे, आणि आरडीएक्सचे अंश. आधी गोळा झालेल्या इराणी नमुन्यांशी ते ताडून पाहिले, ते जुळले.

म्हणजे कीव्हवर मोपेड घोंघावू लागली तेव्हा तुलनेसाठी मालाची चोपडी तयार होती.

नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्चचं पथक कीव्हला पोचलं. युक्रेनने पकडलेली शाहेद-१३१, शाहेद-१३६ आणि टेहळणीचं मोहाजेर-६ त्यांच्यापुढे होती. पाचशेहून अधिक भाग त्यांनी तपासले. बनवणाऱ्या कंपन्या सत्तरच्या वर, देश आणि प्रदेश मिळून तेरा, आणि त्यांतले ८२ टक्के भाग अमेरिकन कंपन्यांचे! इंजिनाचं मूळ निघालं जर्मनीत. लिंबाख कंपनीच्या छोट्या विमानइंजिनाची ती नक्कल, इराणच्या माडो कंपनीने उतरवलेली.

योगायोग असा की त्याच सुमारास, ५ नोव्हेंबरला, इराणचे परराष्ट्रमंत्री होसेन अमीर-अब्दोल्लाहियान यांनी कबुली दिली. थोडी ड्रोनं रशियाला दिली खरी, पण युद्धाच्या काही महिने आधी. अर्धी का होईना, ती कबुलीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या लष्करी गुप्तवार्ता संस्थेने आखातातले आणि युक्रेनमधले अवशेष शेजारी शेजारी ठेवून फोटो छापले, त्यानंतर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही.

मला स्वतःला सगळ्यांत अस्वस्थ करतो तो जानेवारी २०२३ चा शोध. ओदेसा भागात न फुटलेलं शाहेद-१३१ चं वॉरहेड मिळालं होतं. त्याच्या भोवती गोलाकार १८ छोटे आकारित स्फोटक भार बसवलेले, चहूबाजूंना मारा करणारे. वरून धातूच्या तुकड्यांचे थर घाईघाईने, नीट न बसणारे असे चिकटवलेले. तपासनीसांचा निष्कर्ष होता की मोठी यंत्रसामग्री एका दणक्यात निकामी व्हावी आणि दुरुस्तीला वेळ लागावा, अशी ही योजना आहे. हिवाळा, वीजकेंद्रं आणि रोहित्रं बदलायला धावणारी माणसं, सगळा हिशेब करूनच कुणीतरी ते जुळवलं होतं.

आणि मग जुलै २०२३. आग्नेय युक्रेनमध्ये आणखी दोन यंत्रं मिळाली. तोच त्रिकोण, तेच ‘गेरान-२’. पण खोलल्यावर आतला संसार वेगळाच. इराणी यंत्राची हलकी, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार काया नव्हती. विणलेल्या कार्बन धाग्यांवर काचतंतू चढवलेले होते. दिशादर्शनासाठी रशियन ‘कोमेता’ यंत्रणा होती. ऑगस्टमध्ये कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्चने अहवालात म्हटलं की रशियाने आता हे यंत्र स्वतः बनवायला घेतलं आहे. तातारस्तानातल्या अलाबुगा औद्योगिक क्षेत्रात कारखाना उभा राहिल्याच्या बातम्याही त्याच महिन्यात आल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पेस्कोव यांचं जे वाक्य पळवाट होतं, ते दहा महिन्यांत जवळपास खरं झालं. हा बदल बाहेरून पाहून कुणाला कळला नसता, कारण रंगवलेलं नाव दोन्ही वेळा एकच होतं.

तपासाला एक भिंत मात्र लागते. कंपनी पत्राला उत्तर देते की हा भाग आम्ही अमुक वितरकाला विकला. वितरक तिसऱ्याचं नाव सांगतो आणि पुढे कागद संपतात. यातले बहुतेक भाग बाजारात खुले मिळणारे, धुलाईयंत्रापासून गाडीपर्यंत कुठेही लागणारे. त्यांवर बंदी घालायची तर निम्मा व्यापार थांबवावा लागेल, आणि तेवढी तयारी कोणत्याही सरकारने दाखवलेली नाही. ओळख पटवण्याचं काम या मंडळींनी चोख केलं. रोखण्याचं काम ज्यांचं होतं त्यांना ते जमलेलं नाही. ६-७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री युक्रेनच्या हवाई दलाने आपल्याकडे आलेली ८१० ड्रोनं मोजली, शाहेद जातीची आणि सोबतची फसवी धरून.